विश्लेषण : तळघराची ओबडधोबड जमीन सपाट करण्यापूर्वी काय तपासावे?

पावसाळा ओसरला की शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत तळघराचा विषय हमखास निघतो. गाड्यांच्या जागेत डबकी साचतात, सामानाच्या खोलीतील कपाटे एका बाजूला कलतात, दुकानदाराने भाड्याने घेतलेल्या गाळ्यात टाइल्सचे कोपरे उचलले जातात. उपायही ठरलेला असतो : वरून एक कोबा मारून घ्या. काही लाख रुपये खर्च होतात, दोन-तीन महिने जमीन आरशासारखी दिसते आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. असे का होते, कोणत्या जमिनीला कोणता उपाय लागू पडतो आणि खर्चाचा भार कोणावर, याचा हा आढावा.

तळघराचीच जमीन जास्त का बिघडते?

वरच्या मजल्यांच्या जमिनीखाली स्लॅब असतो आणि त्याखाली मोकळी हवा. सर्वांत खालच्या तळघराच्या जमिनीखाली माती, मुरूम किंवा खडक असतो आणि पावसाळ्यात पाणीही असते. मोठ्या इमारतींत संपूर्ण पायाच एका जाड सलग स्लॅबचा, म्हणजे राफ्टचा असेल, तर जमीन सहसा खचत नाही. मात्र अनेक ठिकाणी खांबांचे पाये वेगळे असतात. मधल्या जागेत भराव टाकून त्यावर १०० ते १५० मिलिमीटर काँक्रीट ओतलेले असते. हा भराव थराथराने पाणी मारून, रोलर फिरवून दाबला गेला नसेल, तर तो पुढची काही वर्षे खाली बसत राहतो. खांब जागच्या जागी राहतात आणि दोन खांबांमधली जमीन ताटासारखी खोलगट होते.

मराठवाडा, विदर्भ, सोलापूरच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात वेगळेच घडते. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया खोदताना ती पूर्ण काढली नसेल, तर वरचे काँक्रीट दर वर्षी वरखाली होते. मुंबईत भराव घातलेल्या जमिनी आहेत आणि समुद्र जवळ असल्याने भूजल उथळ आहे. पुण्यात मुरूम आणि काळ्या पाषाणाच्या भेगांमधून पाणी वाट काढते.

काही वेळा कारण अगदीच साधे असते. काँक्रीट ओतले त्या दिवशी पातळी नीट धरली गेली नाही किंवा घोटाई घाईत झाली. हा दोष पहिल्या दिवसापासून तसाच असतो आणि वाढत नाही. दुरुस्तीला तो सर्वांत सोपा. त्यामुळे पहिला प्रश्न खड्डा किती खोल आहे हा नसून तो वाढतो आहे का, हा असायला हवा. भेगेच्या दोन्ही काठांवर पेन्सिलीने खुणा करून त्यांतले अंतर आणि तारीख लिहून ठेवायची आणि एक पावसाळा उलटल्यावर पुन्हा मोजायचे. याला खर्च शून्य, पण कंत्राटदार तो सुचवत नाही. भेगेचा एक काठ दुसऱ्यापेक्षा वर आलेला असेल, तर जमीन सपाट करणाऱ्याआधी संरचना अभियंत्याला बोलवावे.

सपाट आणि समपातळी यांत फरक काय?

बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि अर्धी भांडणे तिथेच सुरू होतात. सपाट म्हणजे उंचवटे-खड्डे नसलेली जमीन. समपातळी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच उंचीवर असलेली. उतरता रॅम्प सपाट असू शकतो, समपातळीत नसतो.

वाहनतळाची जमीन समपातळीत असूच नये. पावसात गाड्यांच्या चाकांबरोबर येणारे पाणी, धुण्याचे पाणी, गळतीचे पाणी हे सगळे जाळीच्या पन्हळीकडे आणि तिथून संपकडे, म्हणजे पंप बसवलेल्या खड्ड्याकडे वाहायला हवे. त्यासाठी साधारण १०० ला १, म्हणजे दर मीटरला १० मिलिमीटर उतार धरतात. पन्हळ १० मीटर दूर असेल, तर दोन टोकांच्या उंचीत १०० मिलिमीटरचा फरक पडतो. हा फरक डोळ्याला खुपतो, म्हणून एखादी हौशी समिती तो ‘दुरुस्त’ करून घेते आणि पाणी वाहायचे थांबते. अशा ठिकाणी जमीन सपाट करायची, पण उतार राखून किंवा बिघडला असल्यास नव्याने देऊन.

सामानाची खोली, दवाखाना, दुकान किंवा व्यायामशाळा यांची गोष्ट वेगळी. तिथे टाइल्स, लाकडी फळ्या किंवा व्हिनाइल बसवायचे असते. व्हिनाइल आणि लॅमिनेटचे उत्पादक साधारणपणे ३ मीटर लांबीत ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा अधिक चढउतार चालवून घेत नाहीत. टाइल्स थोड्या सोशिक असतात, पण ८०० किंवा १२०० मिलिमीटरच्या मोठ्या टाइल्स खड्ड्यावर पोकळ बसतात आणि जड वस्तू पडताच तडकतात.

पाणी कुठून येते, हे कसे कळणार?

हा सगळ्या कामाचा गाभा आहे आणि नेमका हाच भाग वगळला जातो. जमीन ओली दिसण्याची दोन कारणे असू शकतात. एकतर खालचे पाणी काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर येते, किंवा पावसाळ्यातली दमट हवा थंड जमिनीला टेकून तिचे पाणी होते. उपाय अगदी उलटे आहेत. पहिल्यात जलरोधनाचा विचार करावा लागतो, दुसऱ्यात पंखे आणि हवा खेळती ठेवण्याचा.

फरक ओळखण्याची जुनी चाचणी सोपी आहे. साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा स्वच्छ जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि किमान १६ तास, शक्यतो दोन दिवस तसाच ठेवायचा. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट झाले, तर पाणी खालून येते. थेंब वरच्या बाजूला असतील, तर ते हवेतले. तळघरात तीन-चार जागी, विशेषतः भिंतीलगत आणि खोलगट भागात ही चाचणी करावी. खोलवरचा ओलावा मात्र तिला पकडता येत नाही. महागडे व्हिनाइल किंवा इपॉक्सी लावायचे असेल, तर काँक्रीटमध्ये भोक पाडून आत आर्द्रतामापक बसवण्याची चाचणी करून घेणे परवडते.

चाचणी केव्हा केली, याला सर्वाधिक महत्त्व आहे. मे महिन्यात भूजल खोल गेलेले असते. तेव्हा बहुतेक तळघरे कोरडी ठणठणीत असतात आणि कंत्राटदारही मोकळे असतात, म्हणून कामे त्याच महिन्यात उरकली जातात. चाचणी उत्तीर्ण होते आणि ऑगस्टमध्ये फरशी नापास होते. शहाणपणाचा क्रम असा, की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तपासणी करायची आणि दिवाळीनंतर काम सुरू करायचे.

जमिनीवर पांढरी भुकटी दिसत असेल, तर चाचणीआधीच अर्धे उत्तर मिळालेले असते. हा लोणा. पाणी वर येताना क्षार सोबत आणते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. ब्रशने झाडला तरी तो पुन्हा येतो.

खालून येणारे पाणी वरच्या थराने अडत का नाही?

त्याचा जोर किती असतो, याचा अंदाज नसल्याने हा प्रश्न पडतो. पाण्याची पातळी तळघराच्या काँक्रीटच्या तळापेक्षा १ मीटर वर असेल, तर त्या काँक्रीटवर दर चौरस मीटरला खालून सुमारे १ टन दाब येतो. १०० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला २४० किलोच्या आसपास असते. म्हणजे भरावावर टेकलेली पातळ जमीन पावसाळ्यात वर उचलली जाऊ शकते आणि पावसाळ्यानंतर पुन्हा, थोडी वेडीवाकडी, खाली बसू शकते. त्यावर ५ मिलिमीटरचा नवा थर दिला, तर त्याचे वजन फार तर १० किलो. पाणी त्याला दाद देत नाही. ते दोन थरांच्या सांध्यात शिरते, चिकटलेला थर सुटतो आणि काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येऊ लागतो.

म्हणून आधी पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो. पावसाचे पाणी इमारतीपासून दूर वळवणे, रॅम्पच्या पायथ्याशी आडवी पन्हळ ठेवणे, फुटलेली सांडपाण्याची किंवा बागेच्या ठिबकची नळी शोधणे ही स्वस्त कामे आधी करावीत. अनेक तळघरांतले ‘भूजल’ हे प्रत्यक्षात वरच्या कुंड्यांचे किंवा पोहण्याच्या तलावाचे पाणी निघते. त्यानंतर भेगांत पॉलियुरेथेन किंवा सिमेंटचे इंजेक्शन, भिंतीच्या कडेने चर काढून पाणी संपकडे नेणे आणि स्फटिक तयार करून छिद्रे बुजवणारे जलरोधक लेप यांचा विचार होतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेनेही तळघराच्या भिंती आणि जमीन जलरोधक असावी, तसेच पृष्ठभागावरचे पाणी आत येऊ नये, अशी अपेक्षा ठेवली आहे.

मोजणी कशी करावी?

यासाठी महागडे यंत्र लागतेच असे नाही. गवंड्याची लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, आजही अचूक काम देते. तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला तर मात्र सगळी मापे चुकतात. लेझर असेल तर काम लवकर होते. जमिनीवर दर मीटर-दीड मीटरला खडूने चौकोन आखायचे, प्रत्येक कोपऱ्यावर भिंतीवरच्या एकाच आडव्या रेषेपासूनचे अंतर मोजायचे आणि तो आकडा तिथेच लिहायचा. अर्ध्या तासात जमिनीचा नकाशा तयार होतो. लहान खड्ड्यांसाठी ३ मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी फिरवली की पुरते.

या आकड्यांवर पैसे ठरतात. समजा, २० फूट बाय १५ फुटांची खोली आहे, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. सर्वांत उंच बिंदूपर्यंत सगळी जमीन भरायची ठरवली आणि सरासरी १२ मिलिमीटर भर लागली, तर सेल्फ लेव्हलिंग मिश्रणाची सुमारे ५७० किलो पूड लागेल. दर चौरस मीटरला एका मिलिमीटरसाठी साधारण १.७ किलो, असा हा हिशेब आहे. म्हणजे २५ किलोच्या २३ गोण्या. त्याऐवजी उंचवट्याचे ४ मिलिमीटर आधी घासून काढले, तर सरासरी भर ८ मिलिमीटरवर येते आणि १६ गोण्यांत काम होते. घासकामाची मजुरी त्यातून वजा केली तरी बहुतेक वेळा हाच मार्ग स्वस्त ठरतो. दरपत्रकात ‘प्रति चौरस फूट’ भाव असेल, तर तो किती जाडीसाठी आहे, हे लिहून घेतल्याशिवाय दोन कंत्राटदारांच्या भावांची तुलना करण्यात अर्थ नाही.

कोणत्या जमिनीला कोणता थर?

थोडेच उंचवटे असतील, तर हिऱ्याच्या चकत्यांच्या यंत्राने घासून घेणे पुरते. सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते आणि बंद तळघरात ती तासन् तास तरंगत राहते. म्हणून हे काम पाणी मारत किंवा धूळ ओढणारे यंत्र जोडूनच करून घ्यावे, कामगारांना योग्य मुखवटे द्यावेत. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीपुढे निरुपयोगी आहे. त्याच कारणाने पेट्रोल-डिझेलवर चालणारा जनरेटर तळघरात ठेवू देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दोन-चार मिलिमीटरपासून दहा-पंधरा मिलिमीटरपर्यंतचा चढउतार असेल आणि वर टाइल्स किंवा व्हिनाइल यायचे असेल, तर सेल्फ लेव्हलिंग मिश्रण योग्य. नावावरून वाटते की ओतले की आपोआप पसरेल. तसे होत नाही. ते पट्टीने ओढावे लागते आणि काटेरी रोलर फिरवून त्यातील हवा काढावी लागते. कालवल्यावर हाताशी १५ ते २० मिनिटेच असतात, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. त्यामुळे एकाने कालवायचे, दुसऱ्याने ओतायचे, तिसऱ्याने ओढायचे अशी साखळी लागते. मिश्रण घट्ट वाटले म्हणून तांब्याभर पाणी वाढवण्याची सवय इथे महागात पडते. जास्तीचे पाणी वर येते आणि पृष्ठभागावर खडूसारखा भुसभुशीत थर राहतो. गोणीवर लिहिलेले पाणी मोजूनच घालायचे. आधीची तयारी मात्र याहून महत्त्वाची. जुना रंग, तेलाचे डाग, सैल पोपडे काढायचे, हातोडीने ठोकून पोकळ भाग शोधून फोडायचे, धूळ ओढून घ्यायची आणि प्रायमर द्यायचा. प्रायमर नसेल, तर कोरडे काँक्रीट मिश्रणातले पाणी शोषून घेते आणि थर चिकटत नाही. गाड्या खेचून नेणारी, चाकांचा सतत मार असलेली जमीन असेल, तर हे मिश्रण तसेच उघडे ठेवण्यासाठी नसते. त्यासाठी वेगळ्या प्रतीचे घ्यावे लागते.

खड्डे ३०-४० मिलिमीटरचे असतील, तर ते आधी दुरुस्ती मॉर्टरने भरून घ्यावेत किंवा चांगला सिमेंट-वाळू-खडीचा थर, म्हणजे ज्याला आपल्याकडे आयपीएस म्हणतात तो, द्यावा. जुन्या काँक्रीटला टोचे मारून, स्वच्छ धुऊन, चिकटणारा लेप लावून हा थर टाकतात. सर्वांत मोठी फसगत होते ती मधल्या वाटेत, सिमेंट-वाळूचा १० मिलिमीटरचा थर मारून वर घोटाई करण्यात. तो दिसायला सुरेख असतो, पण इतका पातळ थर आक्रसताना जुन्या काँक्रीटपासून सुटतो. पाणी मारण्यातही कंजुषी होते. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटसाठी किमान १० दिवस ओलावा हवा. बाजारात आज बहुतांश सिमेंट दुसऱ्या प्रकारचे असते, गवंड्यांच्या सवयी मात्र पहिल्या प्रकारच्या आहेत. याउलट सेल्फ लेव्हलिंग थरावर पाणी साठवायचे नसते. हा फरक माहीत नसलेला रखवालदार संध्याकाळी पाइप सोडून देतो.

वाहनतळात, जिथे जमीन जागोजागी खचली आहे, तिथे मात्र जुने काँक्रीट फोडून, भराव पुन्हा दाबून नवे ट्रीमिक्स करणे हाच टिकाऊ मार्ग. ट्रीमिक्स हे मूळचे एका स्वीडिश कंपनीचे नाव. ताज्या काँक्रीटमधील जादा पाणी निर्वात पंपाने ओढून घेण्याच्या पद्धतीला आता सगळे त्याच नावाने ओळखतात. त्यात नंतर ठरावीक अंतरावर कापे द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर काँक्रीट स्वतःच कुठेही भेग पाडून घेते.

थर वाढवल्याने काय बिघडू शकते?

काँक्रीटचा २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर थर दर चौरस मीटरला ६० किलो भरतो. १,००० चौरस फुटांवर तो साडेपाच टनांहून अधिक होतो. जमिनीवर टेकलेल्या सर्वांत खालच्या तळघरात हे चालते. दोन-तीन मजली तळघर असेल, तर वरच्या मजल्याची जमीन हा अधांतरी स्लॅब असतो. तिथे दर दहा वर्षांनी एकावर एक कोबे चढवणे धोक्याचे आहे. त्या स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतील, तर फोडकाम किंवा भोके पाडणे अभियंत्याच्या आराखड्याशिवाय करूच नये.

उंचीचा प्रश्नही असतो. बांधकाम संहितेनुसार तळघराची उंची जमिनीपासून छतापर्यंत सर्वत्र किमान २.४ मीटर हवी. काठावर असलेल्या तळघरात १०० मिलिमीटरचा नवा थर ही मर्यादा मोडू शकतो. अग्निशमनाच्या नळांना गाड्यांचे टप लागू लागतात. जिन्याची पहिली पायरी इतरांपेक्षा ठेंगणी होते आणि पळापळीच्या वेळी माणसे तिथेच अडखळतात. लिफ्टच्या उंबऱ्याशी जमीन वर आली, तर धुण्याचे पाणी थेट लिफ्टच्या खड्ड्यात जाते. यांत्रिक पार्किंगचे पाय, अर्थिंगच्या पेट्या, संपची झाकणे यांच्या उंचीचे काय करायचे, हे काम सुरू होण्याआधी ठरायला हवे.

जमीन गुळगुळीत झाली की वापर बदलण्याचा मोहही होतो. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतील ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका शिकवणीच्या तळघरात पावसाचे पाणी घुसून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. परवानगी वाहनतळ आणि साठवणीची होती, चालत होते ते वाचनालय. सामानाच्या खोलीला टाइल्स बसवल्याने तिला बाहेर पडण्याची दुसरी वाट मिळत नाही.

खर्च कोणी करायचा?

इमारत नवी असेल, तर आधी विकासकाकडे जावे. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तसे न झाल्यास भरपाई मागता येते. तळघरातील खचलेली जमीन, उलटा उतार, झिरपणारे पाणी यांची तक्रार या आधारे करता येते. मात्र तक्रार लेखी हवी. सोबत तारखांसह छायाचित्रे आणि मोजणीचे आकडे असावेत. संस्थेने विकासकाला न कळवता स्वतःच कोबा मारून घेतला, तर मूळ दोष त्याखाली झाकला जातो आणि पुढे दाद मागणे अवघड होते. पाच वर्षे भरत आलेल्या संस्थांनी शेवटचा पावसाळा वाया घालवू नये.

मुदत उलटली असेल, तर खर्च संस्थेच्या दुरुस्ती निधीतून, सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने करावा लागतो. आदर्श उपविधींनुसार हा निधी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दराने दर वर्षी जमा व्हायला हवा. कार्यादेशात थराची जाडी, उताराची दिशा, प्रायमर आणि मिश्रणाची प्रत, जलरोधनाची हमी हे सगळे आकड्यांत यावे. काम संपल्यावर जमिनीवर बादल्यांनी पाणी ओतून ते पन्हळीपर्यंत जाते का, हे समितीसमोर पाहावे आणि बिलातील ५ ते १० टक्के रक्कम पुढचा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घालावी.